ती तिसऱ्या दिवशी का गेली

मॉन्ट्रियल, कॅनडा,
१८ जानेवारी

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. तिळाच्या वड्यांचा पार चुरा झाला होता, पण वास तस्साच. डबा मी शिकते त्या केंद्रावर नेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पोरांनी बोटं ओली करकरून चुरा संपवला. बाहेर उणे अठरा आहे. अण्णांना सांग, कानटोपी आणि दोन-दोन मोजे घातल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "लेकरांची डॉक्टर तर तू इथंच झालीस, मग तिथं आणखी काय शिकतीस?" मी घाईत काहीतरी सांगून टाकते. आज रविवार आहे, म्हणून नीट लिहिते. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर माझ्याच्यानं बोलवत नाही. ती पुढे येईल. तोवर धीरानं वाच.

मी शिकते त्या जागेला दवाखाना म्हणावं असं तिथं काही नाही. रस्त्यावरच्या इतर घरांसारखंच एक दुमजली घर आहे. दारात बर्फाचे बूट काढायचे, आत गेलं की आधी स्वयंपाकघर. कायम कसलं तरी सूप रटरटत असतं. शाळा सुटली की मुलं थेट इथं येतात, खातात, अभ्यास करतात, कुणी वरच्या खोलीत पेटी वाजवायला शिकतं. तपासणीची खोली आहे, पण तीत पहिली वस्तू दिसते ती मोठं टेबल. त्यावर कागद, रंगीत खडू आणि खाऊची बशी. मूल येतं तेव्हा त्याच्याबरोबर आई-बाप, आजी, शेजारीण, शाळेतली बाई, ज्याला ते मूल आपलं मानतं तो कुणीही येऊ शकतो. बालरोगतज्ज्ञ, समाजकार्यकर्ती आणि गरज असेल तेव्हा वकील, सगळे त्याच टेबलाभोवती बसतात. मूल चित्र काढत असतं, मोठे बोलत असतात, आणि मध्येच मूल मान वर करून "तसं नाही झालं" म्हणालं की सगळे थांबतात. स्टेथोस्कोप निघतो तो बराच नंतर.

याला इथं 'समाजातली सामाजिक बालचिकित्सा' म्हणतात. डॉ. झिल ज्युलियां नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हे काम या शहरात रुजवलं. १९९७ साली होशलागा-मेझोनव नावाच्या वस्तीत त्यांनी पहिलं केंद्र उघडलं, २००३ मध्ये कोत-दे-नेज या परदेशातून आलेल्यांच्या भागात दुसरं, आणि २००५ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. त्यांच्या जोडीला एलेन त्रुदेल, त्या वकील आणि मध्यस्थ. डॉक्टरच्या शेजारी वकील बसवण्याचं हे जे सुचलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. का ते पुढे सांगते. आज क्वेबेक प्रांतात अशी चाळिसाहून जास्त केंद्रं आहेत.

होशलागा बघायला मी मुद्दाम गेले होते. एके काळी तिथं बुटांचे, कापडाचे कारखाने होते, माणसांना हाताला काम होतं. मग कारखाने एकेक करून बंद पडले, आणि माणसं तिथंच राहिली. गिरणगावाबद्दल मामा जे सांगायचा, तेच इथं फ्रेंच भाषेत ऐकलं. आणि आई, नदीकाठी काय दिसावं? साखरेचा कारखाना! तो मात्र अजून चालू आहे. जहाजानं कच्ची साखर येते, उसाची, आणि इथं शुद्ध होते. त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. आपल्या गावची माणसं ज्याच्यासाठी सहा-सहा महिने घरदार सोडून जातात, त्या उसाचं नातं निघायचं तर या वस्तीशी निघावं!

आता शिक्षणाचं. पहिले काही आठवडे मला प्रश्न विचारायला बंदी होती. फक्त बसायचं, खेळायचं, सूप वाढायचं. पहिल्या पायरीला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ माणसाळवणं. बुजलेलं जनावर जसं हळूहळू जवळ येऊ द्यायचं, तसं. माणसांसाठी तो शब्द मला आधी बरा वाटला नाही. मग लक्षात आलं की बुजलेलं मूलच असतं असं नाही, बुजलेली आई असते, आणि माणसाळायचं असतं ते डॉक्टरनं. माझी मार्गदर्शक बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुला पाच वर्षं प्रश्न विचारायला शिकवलंय. आता गप्प बसून दाखव." मला ते फार जड गेलं.

दुसरी गोष्ट, टिपणं घरच्यांच्या समोर लिहायची आणि उठण्याआधी त्यांना वाचून दाखवायची. जे वाक्य त्यांच्या तोंडावर वाचता येणार नाही, ते कागदावर लिहायचंच नाही. त्यांना पटलं नाही तर खोडायचं किंवा त्यांचं म्हणणं खाली जोडायचं. आणि पहिला मुद्दा कायम मुलाच्या चांगल्या गोष्टींचा. काय जमतं, कुणावर जीव आहे, काय हवंय. आजार, तक्रार, शाळेचा अहवाल हे त्यानंतर.

एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत, तूही कुणाला वाचून दाखवू नकोस. सात वर्षांचा मुलगा. शाळेची चिठ्ठी होती : वर्गात झोपतो, उठवलं की लाथा मारतो, लक्ष लागत नाही, औषधाचा विचार व्हावा. आई बांगलादेशची, रात्री कार्यालयांची साफसफाई करायची. दुभाषी बाई आली होती, पण त्या आईला मालिका बघून बघून हिंदी येत होतं आणि मला हिंदी येतं म्हटल्यावर तिचे खांदे थोडे खाली आले. अर्धा तास कुणी आजाराबद्दल काही विचारलं नाही. मुलगा चित्र काढत होता. त्यात एक पलंग होता आणि तो दाराला टेकवलेला. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "पलंग दारापाशी का?" तो म्हणाला, "कडी तुटलीय."

झालं होतं असं. तळघरातली खोली, बाहेरच्या दाराची कडी महिनोन्महिने तुटलेली. घरमालकाला सांगून आई थकली होती. ती कामावर गेली की हा पोरगा पलंग ढकलून दाराला लावायचा आणि धाकट्या बहिणीजवळ जागा बसायचा, आई येईपर्यंत. रात्री एक वाजेपर्यंत. मग सकाळी शाळेत त्याला झोप येणार नाही तर काय होणार? आणि झोपेत कुणी हात लावला की तो लाथ मारणार नाही तर काय करणार? तो तर पहारा देत होता.

आईनं हे आधी कुणालाच का सांगितलं नव्हतं? कारण मुलं घरात एकटी राहतात हे कळलं तर सरकार ती काढून नेईल, ही तिला भीती. भीती अगदीच उगाच नव्हती. इथं बालसंरक्षणाचा कायदा १९७० च्या दशकाच्या शेवटापासून आहे, आणि मूल धोक्यात दिसलं तर डॉक्टर, शिक्षक यांना कळवावंच लागतं. कायदा हवाच. २०१९ मध्ये ग्रॅन्बी गावात सात वर्षांची एक मुलगी घरच्या छळानं गेली, तिच्याबद्दल आधी कळवलेलं असूनही. सगळा प्रांत हादरला. रेजीन लोराँ नावाच्या परिचारिकेच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. पण त्याच कायद्याच्या भीतीनं गरीब आई तोंड मिटून घेते, आणि मग मदत पोचेपर्यंत फार उशीर होतो. या देशात तर आदिवासी मुलांना आई-बापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याचं दीडशे वर्षांचं पाप आहे. सुमारे दीड लाख मुलं. त्यांच्या नातवंडांच्या घरी आज फाइल घेऊन कुणी गेलं तर दार का उघडत नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी टेबलावर वकील होती. तिनं तिथल्या तिथं घरमालकाला पत्र लिहिलं. घरभाड्याच्या वादांसाठी इथं वेगळं न्यायाधिकरण आहे, त्याचा उल्लेख केला. कडी बसली. रात्री मुलांपाशी कोण थांबेल हे त्याच टेबलावर, आईच्या तोंडून आलेल्या नावांतून ठरलं. वरच्या मजल्यावरची एक आजी तयार झाली. मुलाला औषध दिलं नाही. पोरगं आता वर्गात जागं असतं. गणितात मागे आहे, कुणी जोरात बोललं की अजून दचकतं, सगळं काही सुरळीत झालेलं नाही. पण मी डॉक्टर असून त्याला कडी लिहून दिली असती का? माझ्या केसपेपरवर कडीसाठी रकानाच नव्हता.

आता ती गोष्ट. आई, तुला आपल्या वाडीवरचं ते लेकरू आठवतं ना, चौदा महिन्यांचं? तीन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीनंतर. कुपोषण बघायची दंडघेराची पट्टी लावलीस तर लाल, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. किती दिवस तू त्या बाईच्या दारात बसून तिला तयार केलंस, स्वतः एसटीत बसवून दिलंस, का, तर माझी लेक तिथं डॉक्टर आहे म्हणून. चौदा दिवस दवाखान्यात राहायचं होतं. तिसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन निघाली. मी वॉर्डात होते. मी तिला थांबवलं, जोरात बोलले, चार बायकांच्या देखत. मग तिचा अंगठा घेतला आणि केसपेपरवर लिहिलं : 'आई निष्काळजी. समजावूनही ऐकत नाही. डामा.' डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी गेली. ते अक्षर माझं आहे. आजही कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल.

तुला फोन केला तेव्हा मी तिचीच तक्रार सांगत होते. तू फक्त एवढंच विचारलंस, "ती एकटी आली होती का, हे तरी तिला विचारलंस का?" आणि फोन ठेवलास. मला वाटलं, अंगणवाडी सेविका आहे, तिला केसची माहिती नाही, उगाच चिडते. मग महिन्याभरानं तूच सांगितलंस : ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, त्या रात्री गाडी भरणार होती. नवरा एकटा गेला तर अर्धा कोयता, म्हणजे जोडीऐवजी एकच माणूस, उचल परत मागितली असती. थोरली सहा वर्षांची म्हातारीजवळ, म्हातारीला दिसत नाही. चौदा दिवस राहायचं म्हणजे तिनं काय काय सोडायचं होतं, याचा हिशेब तुझ्याकडे होता आणि माझ्याकडे फक्त वजनाचा तक्ता होता. पाडव्यानंतर टोळी परतली तेव्हा तू त्याचा दंड मोजून मला फोन केलास. पट्टी पिवळ्यावर आली होती. मी विषय बदलला. आई, मी त्या दिवशी तुझी माफी मागायला हवी होती, आणि तिची. तुझी आज मागते.

इथं एक संशोधन आम्हाला सविस्तर शिकवलं. याच शहरातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं. जी उंदरीण पिल्लांना खूप चाटते, तिची पिल्लं मोठेपणी संकटात लवकर शांत होतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली तर तीही शांत निघतात. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की हा फरक पिल्लाच्या मेंदूतल्या जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणांत दिसतो. म्हणजे मायेची नोंद शरीरात होते. हे ऐकून वर्गात सगळे भारावले होते, आणि मला मात्र धास्ती वाटली, कारण यातून 'बघा, आईच कमी पडते' असं म्हणायला लोक मोकळे होतात. पण त्याच प्रयोगशाळेनं पुढे हेही दाखवलं की गाभण असताना उंदरिणीवर ताण आला, तर चांगली चाटणारीही नंतर कमी चाटू लागते. माझ्या दृष्टीनं खरा धडा तो. आईवरचा भार उतरवला नाही, तर लेकरासाठी लिहिलेलं कुठलंच औषध पुरं पडणार नाही.

माझं संशोधन त्यामानानं अगदी साधं आहे. टेबलावर कोण किती वेळ बोलतं, ते मी घड्याळ लावून लिहिते. डॉक्टर किती, आई किती, मूल किती. आणि जो मार्ग ठरतो त्यातलं पहिलं कुणी सुचवलं. बालहक्कांच्या जागतिक संहितेत, १९८९ च्या, बारावं कलम आहे : मुलाला त्याच्याविषयीच्या गोष्टीत आपलं म्हणणं मांडू दिलं पाहिजे. कॅनडानं १९९१ मध्ये आणि भारतानं १९९२ मध्ये ती मान्य केली. भिंतीवर ती सगळीकडे असते. मला बघायचंय की टेबलावर ती किती मिनिटं असते.

अशा कामाचं मोजमाप अवघड आहे, कारण एका मुलाला कडी लागते, दुसऱ्याला चष्मा, तिसऱ्याच्या बापाला नोकरी. सगळ्यांना एकच गोळी देऊन तुलना करता येत नाही. इथल्या चर्चेत मी गडचिरोलीचं उदाहरण दिलं. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आलेले होते. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथं आहे. आणि जामखेडचं सांगितलं. आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं, ते गाव आमच्या शेजारच्या तालुक्याचं, हे सांगताना मला फार बरं वाटलं. पण एका मुलीनं विचारलं, "मग तुमच्याकडे डॉक्टर आणि गावची सेविका एका टेबलाला बसतात का?" मला खरं उत्तर द्यावं लागलं. बैठकीत तू सतरंजीवर असतेस आणि साहेब खुर्चीवर. तुझी वही पर्यवेक्षिका तपासते, त्यातली संख्या अ‍ॅपमध्ये जाते, आणि वहीच्या मागच्या पानांवर तू जे लिहितेस, कोण कधी तोडीला गेलं, पोर कुणाजवळ ठेवलं, कुणाची उचल किती, ते कुणीही वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

म्हणून एक मागणं आहे. त्या सव्वीस वर्षांच्या वह्या रद्दीत देऊ देऊ नकोस, दादाला ठणकावून सांग. माळ्यावर उंदीर लागतात, पत्र्याच्या पेटीत ठेव. मी जूनमध्ये येते आहे. आल्यावर तुझ्याजवळ बसून त्या वाचायच्या आहेत.

आणि दुसरं. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततील. ती बाई आली, घर झाडून जरा बूड टेकलं की तिच्याकडे जा. दवाखान्याचं नाव काढू नकोस. पोराचं आधी विचार, आता चार वर्षांचा झाला असेल, काय काय बोलतो, कुणाच्या मागे पळतो. मग तिला एवढंच विचार : तिसऱ्या दिवशी निघताना तुझ्यापाशी काय असतं, तर तू राहिली असतीस? ती चिडली तर चिडू दे. माझ्यावर चिडली तर तेही लिहून घे. जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरव आणि उठण्याआधी तिला वाचून दाखव. तिला पटलं, तर मला पाठव. नको म्हणाली, तर नको.

अण्णांची बीपीची गोळी चुकू देऊ नकोस. वहिनीला नमस्कार, छोटूला आशीर्वाद.

तुझी,
लेक